क्लिप पुढे पाठवू नका, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही

वाचक आईचं पत्र, थोडक्यात:

"माझा मुलगा नववीत आहे, १४ वर्षांचा. परवा रात्री त्याचा मोबाईल चार्जिंगला लावताना मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ दिसला. त्यात त्याच्याच शाळेतली दहावीची मुलगी आहे. दोन सेकंदांत मी तो बंद केला. ग्रुप शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने काढलाय. तो १९ वर्षांचा आहे आणि शाळेच्या मैदानावर मुलांना क्रिकेट शिकवतो. याआधीही तो ग्रुपवर मोठ्या माणसांचे घाणेरडे व्हिडिओ टाकायचा, असं मुलगा सांगतो. माझ्या मुलालाही त्याने ॲडमिन केलंय. दीर म्हणतात, सगळं डिलीट करून मोबाईल फॉरमॅट मारा आणि विषय सोडा. मुख्याध्यापकांना फोन केला तर म्हणाले, क्लिप मला पाठवा, शाळेत आतल्या आत मिटवू, पोलिसांत गेलात तर पोरांच्या आयुष्याचं वाटोळं होईल. सिम यजमानांच्या नावावर आहे. मुलावर गुन्हा दाखल होईल का? मी काय करू?"
— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

आधी घाईचं सांगतो. ती क्लिप कुणालाही पाठवू नका. मोबाईल फॉरमॅट करू नका. आणि तक्रार आजच द्या, उद्यावर टाकू नका. बाकीचं उत्तर तक्रार दिल्यावर सवडीने वाचलंत तरी चालेल.

मुख्याध्यापकांनी क्लिप मागितली, हे पत्रातलं वाक्य सगळ्यात काळजीचं आहे. त्यांचा हेतू चांगलाही असेल. पण तुम्ही ती पाठवलीत की ती तुमच्या मोबाईलवरून त्यांच्या मोबाईलवर जाईल, तिथून बहुतेक पर्यवेक्षकांकडे, मग संस्थेच्या सचिवांकडे, आणि दोन दिवसांत गावात. प्रत्येक टप्प्यावर 'मी फक्त पुरावा म्हणून पाठवली' असं सांगणारा एक माणूस असतो. अशा प्रकरणांत मुलीची बदनामी पहिल्या गुन्हेगारामुळे होते तेवढीच या 'पुरावा म्हणून' पाठवणाऱ्यांमुळे होते. कायदाही इथे सरळ आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक चित्रण इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा ठरल्यास ७ वर्षांपर्यंत कैद. या कलमात नुसतं पाठवणं येत नाही; असं साहित्य शोधणं, पाहणं, डाउनलोड करणं, गोळा करणं, देवाणघेवाण करणं हेही येतं. पाठवण्याची मोकळीक फक्त तक्रारीपुरती आहे, म्हणजे पोलिसांकडे किंवा सरकारी पोर्टलवर. मुख्याध्यापक त्यात बसत नाहीत.

मुलीने स्वतःच तो व्हिडिओ कुणाला तरी पाठवला होता, असं उद्या कुणी सांगेल. सांगू द्या. १८ वर्षांखाली संमतीचा मुद्दा या कायद्यांत उभाच राहत नाही. चेहरा तिचा आणि बाकी संगणकाने बनवलेलं असं निघालं तरी फरक पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, जी व्याख्या आली, तिच्यात खऱ्या मुलापासून वेगळं ओळखू येणार नाही असं संगणकाने बनवलेलं चित्र आणि बदल करून मुलाचं भासवलेलं चित्रही येतं.

आता डिलीट करण्याबद्दल. दिरांचा सल्ला अगदीच हवेतला नाही, म्हणून तो नीट समजून घेऊ. पोक्सोच्या कलम १५ चं पहिलं पोटकलम सांगतं की असं साहित्य जवळ असून ते नष्ट केलं नाही किंवा त्याची खबर दिली नाही आणि पुढे पाठवण्याचा इरादा असला, तर किमान ५ हजार रुपये दंड, पुन्हा तोच गुन्हा केल्यास किमान १० हजार. दुसरं पोटकलम प्रत्यक्ष पाठवण्यासाठी, दाखवण्यासाठी किंवा पसरवण्यासाठी जवळ ठेवणाऱ्याचं आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिसरं धंद्यासाठी साठवणाऱ्याचं. पहिल्यांदा ३ ते ५ वर्षं, पुढच्या वेळी ५ ते ७. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात या तिन्ही पोटकलमांचा अर्थ सविस्तर लावला. त्याआधी मद्रास उच्च न्यायालयाने 'नुसतं डाउनलोड करून खाजगीत पाहणं हा गुन्हा नाही' असं म्हणत एक प्रकरण रद्द केलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. प्रत्यक्षात पाठवलं नाही, तरी ते जवळ ठेवणं आणि खबर न देणं यावरून इरादा पाहता येतो, असं न्यायालयाने सांगितलं. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द टाकून 'बाल लैंगिक शोषण व अत्याचार साहित्य' म्हणा, असंही त्याच निकालात आहे. हा शब्दांचा खेळ नाही. त्या क्लिपमध्ये एका मुलीवर अन्याय झालेला दिसतो आणि शब्दातून ते कळलं पाहिजे.

मग डिलीट करून मोकळं का होऊ नये? कारण तुम्हाला आता गुन्हा माहीत झाला आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची असते. न दिल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फॉरमॅट मारलात तर ज्याने पहिल्यांदा ती क्लिप टाकली त्याच्यापर्यंत जाण्याची वाट पुसली जाते; आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नाही हे आम्हाला दिसतं, पण फॉरमॅट केलेला मोबाईल तपास अधिकाऱ्याला तुमचा हेतू सांगणार नाही. खबर देण्यापुरतं साहित्य जवळ असणं कायद्याला मान्य आहे. म्हणून क्रम असा ठेवा: खबर आधी, आणि डिलीट करायचं तर पोलीस सांगतील तेव्हा.

तोवर मोबाईल कसा ठेवायचा, यात बहुतेक लोक चुकतात. क्लिप पुन्हा उघडून पाहू नका, तिचा स्क्रीनशॉट काढू नका, दुसऱ्या मोबाईलने तिचा फोटो घेऊ नका. स्क्रीनशॉटने आणि फोटोने एक नवी प्रत तयार होते. त्याऐवजी वही घ्या आणि हाताने लिहा: ग्रुपचं नाव, ग्रुप कुणी आणि कधी तयार केला (ग्रुप इन्फोमध्ये खाली दिसतं), ॲडमिन किती आणि त्यांचे नंबर, क्लिप कुठल्या नंबरवरून आली, तारीख, वेळ, सोबत काही लिहिलं होतं का. संदेशावर एक बाण असेल तर तो दुसरीकडून आलेला आहे. दोन बाण असतील तर आपल्यापर्यंत येण्याआधी तो पाच किंवा अधिक हातांतून गेलेला आहे. बाण नसेल, तर टाकणाऱ्याने बहुधा आपल्या गॅलरीतून टाकला. एवढी एक नोंद तपासाला मोठी मदत करते. सदस्यांच्या यादीचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढायला हरकत नाही, फक्त त्या पडद्यावर मीडियाची छोटी चित्रं दिसत नाहीत ना ते पाहा.

ग्रुपमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू आहे का ते लगेच बघा. ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असं लावता येतं. क्लिप परवा आली आणि मुदत ७ दिवसांची असेल, तर तुमच्या हातात फक्त पाच दिवस आहेत. शिवाय ज्याने टाकलं तो किंवा कुठलाही ॲडमिन 'सर्वांसाठी डिलीट' करू शकतो, म्हणून नोंद झाली की मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहा. ग्रुपमधून मुलाला इतक्यात बाहेर काढू नका. व्हॉट्सॲपमधून 'रिपोर्ट' करायचं असेल तर पोलीस तक्रारीनंतर करा, आणि त्या वेळी 'ग्रुप सोडा आणि चॅट डिलीट करा' अशी खूण आपोआप लागलेली असेल तर ती काढा.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हॉट्सॲपचं 'मीडिया ऑटो डाउनलोड' चालू असेल तर ग्रुपवर आलेलं सगळं न उघडताही मोबाईलमध्ये उतरतं, 'मीडिया व्हिजिबिलिटी' चालू असेल तर गॅलरीत दिसतं, आणि गूगल फोटोजचं बॅकअप त्या फोल्डरला लागू असेल तर क्लाउडवरही जातं. मुलाच्या मोबाईलमध्ये तुमच्या यजमानांचं गूगल खातं असलं, तर ती क्लिप कदाचित त्यांच्या खात्यातही असेल. मोठ्या कंपन्या साठवलेलं साहित्य तपासतात, ओळखीचं सापडलं तर खातं बंद करतात आणि अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेला कळवतात. त्या संस्थेकडून भारताशी जोडलेल्या सूचना २०१९ च्या करारानुसार राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राकडे येतात आणि पुढे त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे जातात. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तरी पोलीस येऊ शकतात, आणि खातं व सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडे, म्हणजे तुमच्या यजमानांकडे, पहिली चौकशी होईल. तुमची तक्रार आधीच नोंदलेली असणं हा त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा आधार आहे. बॅकअप आत्ता बंद करा. आधी गेलेलं मात्र स्वतः खोदून काढू नका, तक्रारीत 'बॅकअप चालू होतं' एवढं लिहा.

तक्रार कुठे? दोन्हीकडे द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते, पण तशा तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही. तुमच्या बाबतीत मोबाईल तुमच्याच घरात आहे, म्हणून नाव देऊन 'रिपोर्ट अँड ट्रॅक' मधून करा आणि पोचक्रमांक वहीत लिहा. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. पोक्सो नियम, २०२० मधला नियम ११ अशा खबरीत काय असावं ते सांगतो: साहित्य कुठल्या मोबाईलवर दिसलं, कुठल्या मोबाईलवरून आल्याचा संशय आहे आणि कुठल्या ॲपवर होतं. तुमची वही नेमकी यासाठीच आहे. अर्जात मुलीचं नाव ठळक शीर्षकात घालू नका. 'त्याच शाळेतील इयत्ता दहावीची विद्यार्थिनी' एवढं लिहा आणि नाव अधिकाऱ्याला तोंडी किंवा बंद पाकिटात द्या. क्लिपमध्ये काय दिसतं याचं वर्णनही नको. 'अल्पवयीन मुलीचा आक्षेपार्ह व्हिडिओ' पुरे.

ठाण्यात 'हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा' किंवा 'घटना आमच्या हद्दीत नाही' असं सांगितलं जाण्याची शक्यता धरूनच जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हे आता कायद्यातच लिहिलं आहे. खबर लिहून तुम्हाला वाचून दाखवायची आणि तिची प्रत मोफत द्यायची. ऑनलाइन पाठवलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते, नाहीतर ती एफआयआर होत नाही. यात बरेच जण अडकतात. आणि पोक्सोची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही तेच कलम २१ लागू होतं. हे ठाण्यात आवाज चढवून सांगायची गरज नसते. अर्जाच्या शेवटी 'कलम १९ अन्वये खबर देत आहे' एवढं वाक्य लिहिलं की समोरच्याला कळतं. तरीही नाही घेतली, तर अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मुलीच्या जिवाला किंवा तिला कुणी पैशांसाठी धमकावत असल्याचा धोका वाटला, तर ११२ आणि मुलांची मदतवाहिनी १०९८. पैसे गेले असतील तर १९३० वर तातडीने.

मोबाईल पोलीस जप्त करतील हे गृहीत धरा. मूळ मोबाईलच दिला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राची कटकट कमी होते. पेन ड्राइव्हवर कॉपी करून नेणं हे मात्र दुप्पट चुकीचं, कारण तीही एक नवी प्रत आणि तिला प्रमाणपत्र वेगळं लागतं. देण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय क्रमांक उतरवून घ्या. जप्ती पंचनाम्यात तो क्रमांक, मोबाईलची अवस्था आणि काढला असेल तर हॅश व्हॅल्यू लिहिली आहे का पाहा. हॅश म्हणजे त्यातल्या माहितीचा अंगठा समजा. नंतर एका अक्षराचाही फेरफार झाला तर तो जुळत नाही. पंचनाम्याची प्रत मागा. त्या सिमवर बँकेचे ओटीपी येत असतील तर बँकेतला नंबर आधी बदला. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमी देऊन, मोबाईल परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्याला महिने लागतात. अशा साहित्याचा मोबाईल परत मिळेल या भरवशावर राहू नका.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं? लेखी सांगा, फोनवर नाही. 'अमुक तारखेला मला ही माहिती मिळाली, मी पोलिसांत खबर दिली आहे, आपणही कलम १९ प्रमाणे द्यावी' असं चार ओळींचं पत्र आवक क्रमांक घालून द्या. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणारी सखी सावित्री समिती मुलीला धीर द्यायला, वर्गातली कुजबुज थांबवायला उपयोगी पडेल. पण चौकशी करून गुन्हा 'मिटवण्याचा' अधिकार कुठल्याच समितीला नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. तो क्रिकेट शिकवणारा मुलगा शाळेने नेमलेला असेल तर हे कलम मुख्याध्यापकांच्या दारात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारला आणि वेळेत खबर देणं हा या कायद्याचा कणा आहे असं बजावलं. शाळेचं नाव जाईल ही भीती आम्हाला कळते. पण प्रकरण दडवल्याने शाळेचं नाव जास्त जातं, हे २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाने दाखवून दिलं. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. ते मुख्याध्यापकांना लागू आहे, तसंच तुम्हालाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर त्याने काय केलं यावर आहे. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. 'तू हे असलं बघतोस?' या वाक्याने सुरुवात केलीत तर पुढचं खरं कळणार नाही. तो खोटं बोलेल, रात्री उठून सगळं पुसेल, किंवा घाबरून स्वतःला काही करून घेईल. विचारायचं एवढंच: क्लिप नुसती आली की तू ती वेगळी साठवून ठेवलीस? पुढे कुणाला पाठवलीस का? ग्रुपवर त्यावर काही लिहिलंस का? मागितली होतीस का? उत्तर काहीही येवो, त्या क्षणी हात उगारू नका.

नुसती आली असेल, तर तो आरोपी होण्यापेक्षा साक्षीदार होण्याचीच शक्यता जास्त. खबर दिली नाही म्हणून मुलांना शिक्षा होत नाही. कलम २१ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. ॲडमिन असल्यामुळे तो आपोआप दोषी ठरत नाही. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात सामील नसलेल्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल आहे. ज्या ॲडमिनने मुद्दाम तसाच ग्रुप चालवला, त्याला हे संरक्षण नाही.

पुढे पाठवली असेल, तर ते लपवू नका. वाईट आहे, पण संपलेलं नाही. १४ वर्षांचा मुलगा बाल न्याय कायद्याखाली येतो, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा विचार फक्त १६ ते १८ वयाच्या मुलांबाबत आणि किमान ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात होतो. तुमच्या मुलाबाबत तो प्रश्नच नाही. एरवी एकट्या मुलाच्या अशा गुन्ह्यात एफआयआरऐवजी ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, अशी रीत केंद्राच्या आदर्श नियमांत आहे. मात्र प्रौढासोबत मिळून केलेल्या गुन्ह्याला ती सूट नाही आणि इथे १९ वर्षांचा माणूस मध्ये आहे, म्हणून तुमच्या प्रकरणात एफआयआर होईल हे धरून चला. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा लावू शकतं. विशेष गृहात पाठवलं तरी जास्तीत जास्त ३ वर्षं. असा निर्णय पुढे शिक्षणाच्या वा नोकरीच्या आड अपात्रता म्हणून येत नाही आणि त्याचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे. म्हणून 'आयुष्याचं वाटोळं' हे मुख्याध्यापकांचं म्हणणं खरं नाही. वाटोळं होतं ते घरच्यांनी पुरावा पुसून मुलाला खोटं बोलायला शिकवलं की.

ठाण्यात जाण्याआधी वकिलाशी बोला. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोनही करता येतो. त्यासाठी एक दिवस गेला तरी पोर्टलवरची तक्रार मात्र आजच करा. पोलीस मुलाशी बोलतील तेव्हा तुम्ही किंवा यजमान सोबत असा आणि अधिकारी साध्या कपड्यांत असावेत, असं सांगा. ते तुमचं मागणं रास्त आहे.

त्या १९ वर्षांच्या माणसाचा विषय वेगळा आहे आणि तो तक्रारीत वेगळ्या परिच्छेदात लिहा, नाहीतर क्लिपच्या गडबडीत तो मागे पडेल. तो 'माजी विद्यार्थी' असला तरी कायद्याने प्रौढ आहे. मोठ्या माणसांचे अश्लील व्हिडिओ १४ वर्षांच्या मुलांना लैंगिक हेतूने दाखवणं हे पोक्सोच्या कलम ११ प्रमाणे लैंगिक छळ आहे, शिक्षा कलम १२ खाली ३ वर्षांपर्यंत. भारतीय न्याय संहितेचं कलम २९५ मुलांना अश्लील वस्तू विकणं, दाखवणं, वाटणं याला पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद सांगतं. त्यात इलेक्ट्रॉनिक मजकूर येतो. इथे तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र हे पीडित आहेत, हे लक्षात घ्या. मुलांना आधी असे व्हिडिओ, मग 'हे कुणाला सांगू नका', मग ॲडमिनपद देऊन भागीदार करणं, ही वश करण्याची ओळखीची पद्धत आहे. मुलाला हळूच विचारा: त्याने तुमच्याकडे कधी फोटो मागितले का, एकट्याला कुठे बोलावलं का? उत्तर हो आलं तर प्रकरण बरंच मोठं आहे आणि तेही त्याच दिवशी ठाण्यात सांगायला हवं.

आणि ती मुलगी. तिच्या घरी तुम्ही घोळक्याने जाऊ नका, क्लिप दाखवायला तर मुळीच नाही. पोलिसांना खबर मिळाली की २४ तासांत त्यांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि तिच्या पालकांपर्यंत ते जातीलच. तोवर कुणी सांगायचंच असेल तर तिचा जिच्यावर विश्वास आहे अशा एका शिक्षिकेने, तिच्या आईला, एकांतात. तिला ठाण्यात यायची सक्ती नाही: जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री कुठल्याही मुलाला किंवा मुलीला ठाण्यात थांबवता येत नाही. तिचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणाऱ्या वा पोस्ट करणाऱ्याला कलम २३ खाली ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दंड आहे. यात गावातल्या बातम्यांचे ग्रुपही आले. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'अमक्याची मुलगी' असं कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे अडवा.

क्लिप उघड साइटवर गेली असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. खाजगी अवयव किंवा लैंगिक कृती दाखवणारं साहित्य काढायला २०२१ च्या मूळ नियमांत २४ तासांची मुदत होती, आणि हा अर्ज तिच्या वतीने तिचे पालक करू शकतात. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे, १८ वर्षांखाली काढलेल्या चित्रांसाठी. त्यात चित्र कुठेच पाठवावं लागत नाही. ज्या मोबाईलमध्ये ते आहे तिथेच त्याचा हॅश तयार होतो आणि फक्त तो आकडा सामील कंपन्यांना जातो; त्यांच्या उघड सेवांवर ते चित्र पुन्हा चढवायला गेल्यास ओळखता येतं. व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद गप्पांत ती चालत नाही, म्हणून ती पोलीस तक्रारीच्या जागी वापरायची नाही. आणि हे तिने किंवा तिच्या घरच्यांनी करायचं, तुम्ही नाही. तुमच्या मोबाईलवरून त्या क्लिपला आता हात लागायला नको.

उरलं घरातलं. नवा मोबाईल घ्याल तेव्हा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मधलं ऑटो डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद करा, 'प्रायव्हसी' मधल्या 'ग्रुप्स' ला 'माय कॉन्टॅक्ट्स' लावा, म्हणजे अनोळखी माणूस त्याला परस्पर ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. ओळखीचा घालू शकेल, आणि तुमच्या बाबतीत घालणारा ओळखीचाच होता. तेव्हा मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: 'असलं काही आलं की मी आईकडे मोबाईल देणार, आणि आई मला मारणार नाही.' दुसऱ्या भागाची हमी तुम्ही आज संध्याकाळी त्याच्याशी कसं बोलता त्यावर आहे.